बट्टी अजून तयारच आहे, मग 'वॉज' का? इनडायरेक्ट स्पीचमध्ये क्रियापदाचा काळ का बदलतो?

ओट्यावरची शिकवणी, चोपडा तालुका

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात संध्याकाळी नववी ते बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. वर्ग म्हणजे आमचा ओटा, एक फळा, एक बल्ब आणि अकरा पोरं. सध्या कापूस वेचणी जोरात आहे. निम्मी मुलं शेतातून परस्पर येतात. बोंडांच्या टोकांनी बोटं खरचटलेली असतात, पेन धरलं की ते दिसतं. एवढं करून आलेल्या मुलाने काही विचारलं, तर त्याला "नियमच आहे तो, पाठ कर" म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून इथे विचारते आहे.

गेल्या आठवड्यात डायरेक्ट-इनडायरेक्ट घेतलं. मला शाळेत जसं शिकवलं तसंच मी शिकवते. फळ्यावर तक्ता काढते: इजचं वॉज, आरचं वेअर, हॅज-हॅवचं हॅड, विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट आणि साध्या भूतकाळाचं हॅड अधिक तिसरं रूप. मुलं सुरात म्हणतात. मग वाक्यं देते. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीपेक्षा घरातली वाक्यं बरी, म्हणून त्या दिवशी लिहिलं: मदर सेड, "द बट्टी इज रेडी."

बारावीतला एक मुलगा आहे, कमी बोलतो. त्याने लिहिलं: मदर सेड दॅट द बट्टी इज रेडी. मी लाल पेनने फुली मारली आणि वर 'वॉज' लिहिलं. तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, 'वॉज रेडी' म्हणजे 'तयार होती'. मी घरून निघालो तेव्हा आई बट्टी तळत होती. ती आत्ताही डब्यात आहे. 'होती' लिहिलं तर ती संपली असंच होईल ना?"

मी म्हटलं, 'सेड' भूतकाळात आहे म्हणून पुढचंही भूतकाळात जातं. तो "बरं" म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. मराठीत आपण "आई म्हणाली बट्टी तयार होती" असं म्हणालो, तर ऐकणारा विचारील, "मग कोणी खाल्ली?" आपण "आई म्हणाली बट्टी तयार आहे" असंच म्हणतो. 'म्हणाली' भूतकाळात असूनही 'आहे' जागचं हलत नाही, आणि त्यात कोणाचंच काही अडत नाही. मग इंग्रजीचं का अडतं?

दुसरी गोष्ट माझ्या मनात दोन वर्षांपासून आहे. माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या एका दाखल्यासाठी एका कार्यालयात तीनदा गेली. तिन्ही वेळा "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" ऐकून परत आली. शेवटी तिने वरच्या साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला: द क्लार्क टोल्ड मी दॅट द सर्व्हर इज डाउन अँड आय शुड कम टुमारो. अर्ज आठ दिवसांनी वाचला गेला. तिला बोलावून विचारलं, "कोणता उद्या? आणि सर्व्हर तर चालू आहे." नीट लिहून आणायला सांगितलं. चौथी खेप झाली. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' केलं, 'इज'चं 'वॉज' केलं आणि दिलं. पण का केलं ते तिला समजावून सांगता आलं नाही. तिच्या इंग्रजीत चूक होती ती मी शिकवलेल्या इंग्रजीचीच होती, हे माझ्या मनातून जात नाही.

तर विचारायचं आहे ते असं. हा काळ मुळात का बदलतो? कधी बदलला नाही तरी चालतं? आणि ज्या मुलाच्या डोक्यात मराठी आहे, घरी अहिराणी आहे, त्याला हे कोणत्या शब्दांत सांगायचं? तक्ता माझ्याकडे आहे. तक्त्यामागचं कोणी सांगितलं तर उपकार होतील.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

ताई, त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली पंधरा तक्त्यावरच गेली. असाच एक प्रश्न वर्गात आला तेव्हा मी थांबून विचार करायला लागलो.

तक्ता दोन दिवस पुसून ठेवा. आधी मराठी वाक्य घ्या.

"बाबा म्हणाले की मी उद्या रावेरला जातो."

यातला 'मी' कोण? बाबा. वाक्य बोलतोय मुलगा, तरी 'मी' बाबांचा. 'उद्या' कोणाचा? बाबा ज्या दिवशी बोलले त्या दिवसाचा. आणि 'जातो' हेही बाबांच्याच तोंडचं. म्हणजे मराठीत आपण 'की' म्हणतो आणि त्यापुढे बाबांचं तोंड जसंच्या तसं आणून ठेवतो. आवाजही कधी कधी त्यांच्यासारखा काढतो. ऐकणाऱ्याला ते कळतं. आपल्या भाषेची ही जुनी, पक्की सवय आहे आणि तिच्यात काही कमी नाही.

इंग्रजीत अवतरणचिन्हं काढून 'दॅट' घातला की दुसऱ्याचं तोंड आणता येत नाही. तिथून पुढचं सगळं सांगणाऱ्याच्या तोंडचं. मुलगा जर म्हणाला, "फादर सेड दॅट आय विल गो टू रावेर टुमारो," तर इंग्रज समजेल की रावेरला मुलगा जाणार आहे. म्हणून 'आय'चा 'ही' करावा लागतो. हे मुलांना लगेच पटतं, तुम्ही करून बघा. आता त्यांना विचारा: 'आय' बदलला, कारण बोलणारा बदलला. मग 'विल' कोणाच्या जागेवरून म्हटलं होतं? बाबांच्या. बाबा बोलले ती वेळ गेली, आता सांगणारा पुढे येऊन उभा आहे. त्याच्या जागेवरून बाबांचा 'विल' मागे पडला, म्हणून 'वुड'. 'टुमारो'ही बाबांचा होता, म्हणून 'द नेक्स्ट डे'. फादर सेड दॅट ही वुड गो टू रावेर द नेक्स्ट डे. तिन्ही बदलांचं कारण एकच आहे. काळाचा नियम वेगळा शिकवला की तो अधांतरी राहतो. 'मी'च्या बदलाला बांधून शिकवला की मुलाच्या हाताला काहीतरी लागतं.

याचा पडताळाही घेता येतो. बाबा सकाळी बोलले आणि मुलगा त्याच दुपारी सांगतोय, तर 'टुमारो' तसाच राहतो, कारण सांगणाऱ्याचाही उद्या तोच आहे. चोपड्यातच उभं राहून चोपड्याची गोष्ट सांगत असाल तर 'हिअर'चा 'देअर' करायचं कारण नाही. तक्ता पाठ केलेली मुलं इथेही डोळे झाकून बदल करतात.

आता बट्टीकडे येतो. मुलाचा खरा अडथळा 'वॉज' हा नाहीच, 'होती' हा आहे. मराठीतलं 'होती' म्हणजे बहुतेक वेळा 'आता नाही'. इंग्रजीत 'सेड'च्या मागून आलेला 'वॉज' एवढंच सांगतो की आई बोलली त्या वेळी तयार होती. आत्ताचं तो काहीच सांगत नाही. डब्यात असेल, नसेल. 'वुड'चंही तेच. मुलं 'वुड गो'चा अर्थ 'जाणार होते' असा लावतात, आणि मराठीत 'जाणार होते' म्हटलं की गेले नाहीत असा वास येतो. म्हणून माझा एक हट्ट असतो. इनडायरेक्ट वाक्याचं मराठी करताना 'होता' लावायचंच नाही. "बट्टी तयार आहे असं आई म्हणाली," "रावेरला जाणार असं बाबा म्हणाले." इंग्रजीतल्या 'वॉज'ला मराठीत 'आहे' म्हणायचं. मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतं, पण चार वाक्यांत बसतं.

आणि ताई, त्या मुलाचं वाक्य चूक नव्हतं. गोष्ट सांगतेवेळीही खरी असेल तर इंग्रजी बोलणारे 'इज' ठेवतात आणि ते व्याकरणात मान्य आहे. मदर सेड दॅट द बट्टी इज रेडी, म्हणजे चला जेवायला, ती आत्ताही तयार आहे. 'वॉज' केलं तरी बरोबर, 'इज' ठेवलं तरी बरोबर. फक्त 'इज' ठेवला की सांगणारा ती गोष्ट आत्ताही लागू आहे असं स्वतःच्या अंगावर घेतो. त्या क्लार्कच्या बाबतीत मुलीने 'इज' लिहिलं म्हणजे सर्व्हर आत्ताही बंद आहे असा अर्थ निघाला, आणि साहेबांनी तोच काढला. तिथे 'वॉज' हवाच होता. दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगा: आत्ताची हमी मला द्यायची आहे का?

न बदलणाऱ्या गोष्टी झटपट सांगतो. 'सेज' असेल, म्हणजे सांगण्याचं क्रियापदच वर्तमानात असेल, तर काहीच मागे सरकत नाही. कायमचं सत्य राहतं: द टीचर सेड दॅट द तापी फ्लोज वेस्ट. तापी मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, आजही. 'फ्लोड' लिहिलं म्हणून मोठी चूक होत नाही, पण परीक्षेत 'फ्लोज' अपेक्षित असतं. साल दिलेली इतिहासातली घटना साध्या भूतकाळात राहू द्यावी. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. सर सेड दॅट द सेशन वॉज हेल्ड ॲट फैजपूर इन १९३६. इथे 'हॅड बीन हेल्ड' करायची गरज नाही, सालानेच सगळं सांगितलं. शुड, वुड, कुड, माइट आणि यूज्ड टू आधीच मागे असतात, त्यांना आणखी मागे जागा नाही.

एक मात्र सावकाश समजवा, कारण यात हुशार मुलंही अडकतात. एखादा शेतकरी म्हणाला, "इफ आय हॅड अ वेल, आय वुड ग्रो बनानाज." विहीर असती तर केळी लावली असती, अशी आज त्याच्या मनातली गोष्ट. हे इनडायरेक्ट करताना 'हॅड'चं 'हॅड हॅड' करू नये. ही सेड दॅट इफ ही हॅड अ वेल, ही वुड ग्रो बनानाज. फक्त 'आय' बदलला. कारण हा 'हॅड' कालचा नाहीच. विहीर कालही नव्हती, आजही नाही. जे नाही ते दाखवायला इंग्रजीने भूतकाळाचं रूप उसनं घेतलं आहे. इंग्रजीत भूतकाळाचं रूप दरवेळी गेलेला काळच दाखवतं असं नाही, एवढं मुलाला कळलं की 'वॉज रेडी'ची धास्ती जाते.

अर्ज-दावे टंकलेखन, धुळे

सरांचं वाचून फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, जबाब, विम्याचे दावे टाइप करतो. माणूस अहिराणीत सांगतो, मी इंग्रजीत लिहितो. म्हणजे माझा धंदाच इनडायरेक्ट स्पीचचा. ताईंच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीबद्दल मला बोलायचं आहे: साध्या भूतकाळाचं हॅड अधिक तिसरं रूप. या ओळीने मी एका माणसाचं नुकसान करत होतो.

अवकाळी पाऊस झाला होता. एका शेतकऱ्याचा वेचलेला कापूस खळ्यात पडलेला. तो मला म्हणाला, "पाऊस आला तेव्हा मी ताडपत्री टाकली." म्हणजे पाऊस सुरू झाला, हा धावला, ताडपत्री टाकली, तोपर्यंत वरचा थर भिजला. डायरेक्टमध्ये ते असं झालं असतं: आय कव्हर्ड द कॉटन व्हेन द रेन केम. मी तक्त्याप्रमाणे इनडायरेक्ट केलं: ही स्टेटेड दॅट ही हॅड कव्हर्ड द कॉटन व्हेन द रेन केम.

कागद पुढे गेला आणि परत आला. शेरा होता की अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे पाऊस येण्याआधी कापूस झाकलेला होता, मग भिजला कसा? मी वाक्य पुन्हा वाचलं आणि हात थंड पडले. 'हॅड कव्हर्ड व्हेन द रेन केम' म्हणजे पाऊस आला तेव्हा झाकून झालेलं होतं. कापूस आधी, पाऊस नंतर. त्या माणसाने सांगितलेला क्रम मी उलटा केला होता, आणि तोही 'नियमाने'.

दुरुस्त करून लिहिलं: ही स्टेटेड दॅट ही कव्हर्ड द कॉटन व्हेन द रेन केम. साधा भूतकाळ जागेवर ठेवला. त्याबरोबर पहिला थर किती भिजला तेही लिहिलं. दावा नंतर मार्गी लागला. पण त्या माणसाचे धुळ्याचे दोन हेलपाटे माझ्यामुळे झाले, ते मी विसरलो नाही. त्याच्याकडून तेव्हापासून टायपिंगचे पैसे घेत नाही.

तेव्हा ताई, मुलांना सांगा, 'हॅड' लावण्याआधी दोन घटना बोटांवर मोजा. आधी कोणती, नंतर कोणती? 'हॅड' लावल्याने तो क्रम बिघडत असेल तर लावू नका. वाक्यात 'व्हेन' किंवा 'व्हाइल' दिसला की थांबा. एकटी घटना असेल तर काही अडचण नाही. "आय सॉ अ लेपर्ड इन द बनाना फील्ड" याचं "ही सेड दॅट ही हॅड सीन अ लेपर्ड" बिनधास्त करा. यावल-चोपड्याकडचे लोक असे अर्ज घेऊन येतात, तिथे 'हॅड सीन' नीट बसतो. बिबट्या आधी दिसला, सांगायला माणूस नंतर आला.

तारखेचंही सांगतो. मी 'यस्टरडे', 'टुमारो', 'लास्ट वीक' हे शब्द अर्जात लिहीतच नाही. 'द प्रीव्हियस डे' लिहितो आणि शेजारी तारीख टाकतो. कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहील याचा भरवसा नसतो.

सासर शिरपूर, माहेर साक्री

मी व्याकरणाची जाणकार नाही, पण 'निरोप' हा शब्द इथे कोणीच कसा आणला नाही? ताई, मुलांना इनडायरेक्ट स्पीच असं नाव सांगण्याआधी निरोप म्हणा.

आम्ही लहानपणी घरून शेतात निरोप न्यायचो. आई म्हणायची, बापाले सांग. आम्ही बांधावर जाऊन ओरडायचो, "माय म्हने जेवाले चाल!" अहिराणीत निरोप म्हणजे अस्साच, आईचा शब्द अखंड. सर म्हणाले तसं आईचं तोंडच नेऊन ठेवायचं. बाप म्हणायचा "मी येसू," आणि आम्ही घरी येऊन सांगायचो, "बाप म्हने मी येसू." आमच्यापैकी कोणी येणार असं कधीच कोणाला वाटलं नाही.

माझ्या मुलीला मी हे मोबाईलवरून शिकवलं. फोन कानाला आहे, मामा बोलतोय आणि मी शेजारून विचारते, काय म्हणतोय? तेव्हा 'ही सेज'. मामाचं बोलणं चालू आहे, काहीच बदलायचं नाही: ही सेज ही इज कमिंग. फोन ठेवला, संध्याकाळी बाबा घरी आले, त्यांना सांगायचं. तेव्हा 'ही सेड', आणि सगळं एक पायरी मागे: ही सेड ही वॉज कमिंग. फोन कानाला आणि फोन खाली. तिने हे एका दिवसात उचललं. आई-बापाचे हुकूम असतील तर तिथे काळच नाही, नुसतं 'टोल्ड' आणि 'टू': मदर टोल्ड हिम टू कम होम.

आणखी एक. सरांनी 'हमी' म्हटलं ते मला फार आवडलं, कारण आपल्याकडे त्यासाठी एक शब्द आहे. 'म्हणे'. "तो येणार आहे" आणि "तो येणार आहे म्हणे" यात केवढा फरक! 'म्हणे' लावलं की मी नुसती ऐकलेली गोष्ट सांगतेय, तिचा भार माझ्यावर नाही. ती मुलगी मराठीत बोलत असती तर क्लार्कबद्दल "सर्व्हर बंद आहे म्हणे" असंच म्हणाली असती, आणि साहेबाने तिला "सर्व्हर तर चालू आहे" असं सुनावलं नसतं. इंग्रजीत 'म्हणे' नाही, तर तिने 'वॉज' लिहायचं. मला तरी ते असंच कळलं.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

शिरपूरच्या ताई, 'निरोप' आणि 'म्हणे' दोन्ही मी एकतीस वर्षांत वापरले नाहीत याची हळहळ वाटते. एक छोटी पुरवणी जोडतो. 'म्हणे'मध्ये शंकेची छटा येते, इंग्रजी 'वॉज'मध्ये ती आपोआप येत नाही. 'वॉज' तटस्थ असतो. खरंही असेल, खोटंही असेल. एवढं सांभाळलं तर तुमची जोडी चोख आहे.

धुळ्याच्या भाऊंनी कापसाचं सांगितलं ते तर पुस्तकात छापावं असं आहे. भूतकाळ मागे नेल्याने क्रम बिघडत असेल तर नेऊ नये, हे व्याकरणातही आहे. पण शाळेतल्या तक्त्यात त्याला जागा मिळत नाही आणि मुलापर्यंत ते पोहोचत नाही.

स्पर्धा परीक्षा, नंदुरबार

सर, मध्येच विचारतो. 'मस्ट'चं काय करायचं? एका पुस्तकात 'हॅड टू' आहे, एकात 'मस्ट' तसाच ठेवला आहे.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

दोन्ही चालतात बेटा, अर्थ बघायचा. "आय मस्ट गो नाऊ" अशी त्या वेळची गरज असेल तर 'हॅड टू गो'. "यू मस्ट नॉट टेल लाइज" असा कायमचा दंडक असेल तर 'मस्ट' राहू दे. आणि "ही मस्ट बी टायर्ड" असा अंदाज असेल तर 'मस्ट'च ठेवायचा. अंदाजाला 'हॅड टू' लावलं की अर्थच पालटतो, दमणं त्याच्यावर सक्तीचं झालं असं होतं. पर्यायी उत्तरांत हा सापळा हमखास लावतात.

ओट्यावरची शिकवणी, चोपडा तालुका

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन दिवस झाले. लगेच लिहिलं नाही, कारण आधी ओट्यावर करून बघायचं होतं.

काल फळा कोरा ठेवला. "बाबा म्हणाले की मी उद्या रावेरला जातो" हे वाक्य लिहिलं आणि विचारलं, 'मी' कोण? सगळे एका आवाजात, बाबा. मग दॅट घालून इंग्रजी लिहिलं, 'आय' तसाच ठेवून, आणि पुन्हा विचारलं, आता रावेरला कोण चाललं? नववीतली एक मुलगी उभी राहिली, "मॅडम, इथे तर मीच चालले!" त्यानंतर 'विल' आणि 'टुमारो' बदलायला मला सांगावंच लागलं नाही, दोघा-तिघांनी आपणहून सुचवलं.

मग फोन. माझा जुना बटणांचा फोन एकाच्या कानाला लावला, दुसऱ्याला मामा केलं. कानाला, खाली, कानाला, खाली. गल्लीतले लोक बघायला थांबले. बल्बखाली अकरा पोरं 'सेज' आणि 'सेड' ओरडत होती. पण 'ही सेज' म्हणून झाल्यावर फोन खाली ठेवताना एक मुलगा क्षणभर थांबला आणि मग 'ही सेड ही वॉज' म्हणाला. तो जो थांबला ना, तेवढ्यासाठी मी गेली सहा वर्षं तक्ता घोकून घेत होते आणि तो मला कधीच दिसला नव्हता.

कापसाचं वाक्य मुद्दाम शेवटी घेतलं. ही मुलं दिवसभर कापसातच असतात, त्यामुळे ताडपत्री आधी की पाऊस आधी हा त्यांच्यासाठी व्याकरणाचा प्रश्न नव्हताच. एकाने विचारलं, त्या शेतकऱ्याचे पैसे मिळाले ना? मी सांगितलं, दावा मार्गी लागला. मग सगळ्यांनी वाक्य वहीत उतरवलं.

बारावीच्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पेपरात नुसतं सुटं वाक्य येतं, बट्टी डब्यात आहे की नाही ते तपासणाऱ्याला दिसत नाही. तेव्हा कायमचं सत्य सोडून बाकी ठिकाणी काळ मागे न्या. बोलताना, पत्रात, अर्जात मात्र हमीचा विचार करून ठरवा. सर, यात काही चुकत असेल तर सांगा.

सगळे गेल्यावर त्या मुलाला थांबवलं आणि त्याची वही मागितली. ती फुली खोडली. शेजारी लिहिलं, 'इज' बरोबर, 'वॉज'सुद्धा बरोबर, आणि खाली सही केली. त्याने वाचलं, काही बोलला नाही, वही दप्तरात ठेवली आणि सायकल काढली. फाटकाशी जाऊन परत आला आणि म्हणाला, "मॅडम, आईने विचारलं होतं, तुम्ही जेवायला याल का. हे कसं लिहायचं?"

मी म्हटलं, तूच लिही. त्याने उभ्या उभ्या फाटकाच्या खांबावर वही टेकवून लिहिलं: मदर आस्क्ड इफ यू वुड कम फॉर डिनर.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

चोख आहे. 'विल'चा 'वुड' झाला, प्रश्न असूनही शब्दांचा क्रम सरळ ठेवला, 'इफ' घातला, आणि 'यू' बदलला नाही, कारण निरोप ज्यांना द्यायचा त्या तुम्हीच समोर उभ्या होतात. परीक्षेबद्दल तुम्ही सांगितलंत तेही बरोबर आहे. जेवायला जाऊन या ताई.